गोदावरीकाठचे ‘क्रूस’ आणि भामरागडचे दगड

विषयाचा फलक पाहून दोघातिघांनी मला बाहेरच विचारलं, की सर, गडचिरोलीत क्रूस कुठून आणलेत? प्रश्न रास्त आहे. दगडी क्रूस म्हटलं की आपल्याला वसईच्या गावांमधले चौक आठवतात, गोव्यातल्या वाटा आठवतात. आपल्याकडे सागवान, तेंदू, मोह. इथे क्रूसाचं काय काम?

पण जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आपल्या जिल्ह्याचं दक्षिण टोक म्हणजे सिरोंचा. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते. आणखी खाली गेलं की सोमनूरजवळ इंद्रावती येऊन मिळते. आता नदी ओलांडा. पलीकडे तेलंगणाचं मुलुगू आणि भद्राद्री कोत्तागुडेम. सिरोंच्याची माणसं मेडारामला सम्मक्का-सारलम्माच्या जत्रेला जातात, ते मेडाराम ज्या ताडवाई मंडलात आहे, त्याच मंडलात काटापूर नावाचं गाव आहे. या काटापूरच्या, मल्लूरच्या, जानमपेटच्या परिसरात रानात प्राचीन दफनभूमी आहेत. मोठमोठ्या शिळा उभ्या करून, वर एक आडवी शिळा टाकून केलेली दगडी घरं. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला शब्द डोलमेन. आणि त्या घरांच्या आसपास, काही उभे, काही आडवे पडलेले, एकेका दगडातून घडवलेले क्रूस. खाली लांब दांडा, वर आखूड टोक, दोन बाजूंना दोन हात. माणसापेक्षा उंच. दुरून पाहिलं तर कुणीही म्हणेल, हा क्रूस आहे.

आणि तसं म्हटलंही गेलं. आजचं व्याख्यान त्या म्हणण्याबद्दल आहे. कुणाच्या तरी मृतांचे दगड आपण पाहतो, तेव्हा आपण नेमकं काय पाहतो, हा माझा प्रश्न. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, उत्खनन केलेलं नाही. तेव्हा मातीतून काय निघालं ते पुरातत्त्वाच्या मंडळींकडून घेईन. त्यावरून अनुमान कसं केलं गेलं, तेवढं तपासणं हे माझं काम.

१८६८ ते १८७२

त्या काळात सिरोंचा हे ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचं ठाणं होतं. १८६० साली हा जिल्हा झाला आणि १८७४ मध्ये सिरोंचा चांद्याला जोडला गेला. गोदावरीतून बोटी चालवून आतला कापूस समुद्राला न्यायचा, असा इंग्रजांचा मोठा बेत होता. त्यामुळे या रानात अभियंते होते, मोजणीदार होते. त्यांच्यापैकी एक मल्हेरन. निजामाच्या मुलखाची मोजणी करताना त्यांना हे डोलमेन आणि हे क्रूस दिसले. त्यांनी छायाचित्रं काढली आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे माहिती पाठवली. ती १८६८ च्या कार्यवृत्तात छापली गेली.

तिथून हा विषय जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे गेला. फर्ग्युसन हे लहान नाव नव्हे. निळीच्या व्यापारासाठी हिंदुस्थानात आलेला हा स्कॉटिश माणूस. पुढे व्यापार सोडून त्यांनी अजिंठा, वेरूळ, कार्ले अशा लेण्यांचा अभ्यास केला आणि १८४५ मध्ये त्यांवर पुस्तक काढलं. भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिण्याचा रस्ता ज्यांनी पाडला, त्यांच्यात त्यांचं नाव आधी घ्यावं लागतं. त्यांनी १८७२ मध्ये जगभरच्या ओबडधोबड दगडी स्मारकांवर एक जाड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात काटापूरचा डोलमेन आहे आणि निर्मलच्या जंगलातला क्रूसासह डोलमेनही आहे, मल्हेरन यांच्या छायाचित्रांवरून काढलेल्या चित्रांमध्ये.

फर्ग्युसन यांचा युक्तिवाद साधारण असा. एक, हे क्रूस आहेत, तेव्हा ते ख्रिस्ती आहेत. दोन, क्रूस आणि डोलमेन शेजारी शेजारी आहेत, तेव्हा ते एकाच काळातले आहेत. तीन, म्हणून हे डोलमेनही फार प्राचीन नाहीत, ते ख्रिस्ती काळातले आहेत, मध्ययुगातले म्हणा. हे तिसरं पाऊल त्यांना हवंच होतं, कारण दगडांची ही सगळी स्मारकं, युरोपातलीसुद्धा, लोक समजतात तितकी जुनी नाहीत, असं त्यांचं मूळ प्रतिपादन होतं.

म्हणजे बघा, आपल्या नदीच्या पलीकडचे चार दगड युरोपातल्या सगळ्या दगडांचं वय ठरवायला साक्षीला बोलावले गेले!

डोळा कुठे घडतो

फर्ग्युसन यांना हसणं सोपं आहे. मी तसं करणार नाही, कारण त्यांच्या जागी तुम्ही-मी असतो तर बहुधा तेच केलं असतं. हा माणूस १८०८ साली स्कॉटलंडच्या एअर गावी जन्मला. त्या मुलखात चर्च म्हणजे नुसती इमारत नसते, तिच्याभोवती आवार असतं. त्या आवारात गावाचे मृत झोपलेले असतात. रविवारी प्रार्थनेला जाणारा माणूस आजोबा-पणजोबांच्या दगडांमधून वाट काढत जातो. एअरशेअरला लागून डम्फ्रीसशेअर, आणि तिथे रथवेल नावाच्या गावी आठव्या शतकातला एक उंच दगडी क्रूस आहे. त्याचीही कथा ऐकण्यासारखी आहे. सतराव्या शतकात प्रोटेस्टंट धर्मसभेनं, हे मूर्तिपूजेचं चिन्ह आहे असं ठरवून, तो फोडायला लावला. तुकडे आवारात पडून राहिले. पुढे तिथले पाद्री हेन्री डंकन यांनी ते गोळा केले आणि १८२३ मध्ये क्रूस पुन्हा उभा केला. आज तो चर्चच्या आत आहे. म्हणजे ख्रिस्ती गावात, ख्रिस्ती लोकांनीच, ख्रिस्ती क्रूस फोडला आणि नंतर ख्रिस्ती माणसानंच सांधला. दगड तोच होता, पाहणारे बदलले.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं. रडस्टन गावी चर्चच्या आवारात थडग्यांच्या मधोमध एक उभी शिळा आहे, जवळजवळ साडेसात मीटर उंच. ब्रिटनमधली ही सर्वांत उंच उभी शिळा. ती चर्चपेक्षा हजारो वर्षांनी जुनी. आधी शिळा होती, तिचा मान होता, म्हणून चर्च तिच्या शेजारी येऊन बसलं. गावाच्या नावाचा एक अर्थ ‘क्रूसाचा दगड’ असा लावतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. जुन्या ठिकाणाला शेंदूर लागतो, मग देऊळ होतं, मग देवाचं नाव बदलतं, हे आपण आपल्या गावाच्या शिवेवर पाहतोच की.

तर अशा मुलखात ज्याचा डोळा घडला, त्याला काटापूरच्या रानात, थडग्यांच्या शेजारी, दोन हात पसरलेला दगड दिसला. त्याला चर्चचं आवार दिसणारच.

शिवाय, मध्ययुगात हिंदुस्थानात ख्रिस्ती होते का? होते. फर्ग्युसन यांची कल्पना हवेतली नव्हती. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक लेखकानं ‘कल्लियाना’ इथे ख्रिस्ती असल्याचं आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जात असल्याचं लिहून ठेवलं आहे. ही कल्लियाना म्हणजे आपलं ठाण्याचं कल्याण, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. केरळात कोट्टायमला, चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर पहलवी लिपीतला मजकूर कोरलेले जुने क्रूस आहेत. माउंटवरचा १५४७ मध्ये खोदकामात सापडला. गोव्यात आगशीजवळ असाच पहलवी लेख असलेला क्रूस २००१ मध्ये मिळाला, म्हणजे अगदी अलीकडे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी पश्चिम किनाऱ्यावर इराणी परंपरेचे ख्रिस्ती होते, याचा हा दगडी पुरावा.

मग काटापूरला का नसावेत?

धूर आणि आग

इथे मला न्यायशास्त्राची मदत घेऊ द्या. आपल्या नैयायिकांचं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण तुम्हाला माहीत आहे: पर्वतावर आग आहे, कारण तिथे धूर आहे. हे अनुमान चालतं, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, ही व्याप्ती पक्की आहे. आता उलटं करा: पर्वतावर धूर आहे, कारण तिथे आग आहे. हे चालत नाही. का? तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. आग आहे, धूर नाही. असा हेतू, म्हणजे कारण म्हणून पुढे केलेली खूण, दोन्हीकडे सापडतो. साध्य असतं तिथेही आणि नसतं तिथेही. त्याला नैयायिक ‘सव्यभिचार’ म्हणतात. तो हेतू नसून हेत्वाभास आहे.

फर्ग्युसन यांचं पहिलं पाऊल तपासा. ‘हे ख्रिस्ती आहेत, कारण हे क्रूसाच्या आकाराचे आहेत.’ ख्रिस्ती गावात क्रूसाचा आकार असतो, हे खरं. पण जिथे जिथे तो आकार तिथे तिथे ख्रिस्ती धर्म, हे खरं आहे का? एक उभी रेघ आणि एक आडवी रेघ. हा आकार कुणाच्या मालकीचा असू शकत नाही. शेतातलं बुजगावणं घ्या! एक काठी उभी, एक आडवी, वर मडकं. ख्रिस्ती म्हणायचं का त्याला? ते माणूस म्हणून उभं केलेलं असतं, आणि पाखरं तेवढ्यावर फसतात. दोन हात पसरलेला माणूस आणि क्रूस, दोन्हीची बाह्यरेषा एकच.

मग खरा क्रूस ओळखायचा कसा? किनाऱ्यावरचे ते इराणी क्रूस बघा. शिळेवर उठावात कोरलेले, चारी टोकं फुलासारखी उमललेली, खाली पाना-पाकळ्यांची बैठक, भोवती कमान, कमानीवर लेख. आणि ते मिळतात कुठे, तर चर्चमध्ये किंवा चर्चच्या जागी. म्हणजे आकाराला इतर साक्षी आहेत. काटापूरला यातली एकही साक्ष नाही. लेख नाही, पानं नाहीत, चर्चचा पाया नाही. आहे फक्त आकार. आणि त्याच्या शेजारी आहेत डोलमेन.

आता दुसरं पाऊल: क्रूस आणि डोलमेन एका काळचे. मंडळी, गंमत अशी की फर्ग्युसन यांचं हे पाऊल बरोबर होतं. दोन्ही एकाच दफनभूमीचे भाग आहेत, असंच आजही मानतात. फक्त अनुमानाची दिशा उलटी गेली. त्यांनी क्रूसाचं वय आधी गृहीत धरलं आणि ते डोलमेनला लावलं. वय कळायचं होतं ते डोलमेनकडून.

मातीनं काय सांगितलं

दक्षिण भारतातली आणि विदर्भातली अशी दफनस्थळं पुढच्या शंभर वर्षांत पुष्कळ उकरली गेली. ती लोहयुगातली निघाली. ढोबळमानानं इसवी सनापूर्वीचं पहिलं सहस्रक. म्हणजे ख्रिस्ताच्या जन्माच्या कितीतरी आधीपासूनची. लोखंडाची हत्यारं, काळी-तांबडी मडकी, मणी, आणि मृतांची हाडं. जानमपेटच्या बाजूला तर काही कबरींत एकाच दगडातून कोरलेली पेटी मिळते. हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक के. पी. राव यांनी त्या पट्ट्यात बरंच काम केलं आहे. डोंगतोगूकडच्या काही दगडांवर तर स्तन दाखवलेले आहेत. तिथे प्रश्नच मिटतो. ती बाई आहे. उभी शिळा म्हणजे देह, आडवे दोन हात म्हणजे खांदे-हात. कर्नाटकात कुमती, तमिळनाडूत मोत्तूर आणि उदयारनत्तम इथेही महापाषाणयुगातल्या माणसाच्या आकाराच्या शिळा आहेत, खांदे गोल केलेल्या, वर डोक्याचा छोटा उंचवटा. काटापूरचे ‘क्रूस’ त्या कुळात बसतात.

आपल्या विदर्भातही हे लोक होते. जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड ही नागपूर जिल्ह्यातली नावं. दगडांची वर्तुळं आणि मध्ये दफन. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत त्यांतली बरीच उकरली. घोडे पुरलेले निघाले, घोड्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार निघाले, नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. काळ इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यात हिरापूरला डोलमेन आहेत. तेव्हा पलीकडच्या काठावरचं आणि अलीकडचं हे एकच मोठं जग आहे.

टाकळघाटचा उल्लेख झाला म्हणून एका माणसाची आठवण काढतो. स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते. स्कॉटिशच, आणि मिशनरी. म्हणजे क्रूस पाहण्याची सवय फर्ग्युसन यांच्यापेक्षा जास्तच म्हणा. पण हिस्लॉप गोंडी शिकले, शब्द गोळा केले, लिंगोची गोंडी कथा त्यांनी उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून बोरीकडे परतताना, अंधारात, पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. म्हणून आज लिंगोकथेची एवढी जुनी नोंद आपल्या हातात आहे. दोघेही स्कॉटिश, दोघेही विद्वान. फर्ग्युसन यांच्या हाती छायाचित्रं होती. हिस्लॉप समोर बसून ऐकत होते. फरक तिथे पडतो.

नदीच्या अलीकडे

आता आपण भामरागड, एटापल्लीकडे येऊ. इथे माडिया राहतात. सरकारी भाषेत विशेष असुरक्षित आदिवासी समूह. महाराष्ट्रात असे तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. यांच्या गावाबाहेर, वाटेच्या कडेला, मृतांसाठी दगड रोवलेले दिसतात. काही गुडघ्याएवढे, काही डोक्याच्याही वर. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये हीच रीत आहे. तिकडचे दिलमिलीचे आणि गामावाड्याचे दगड अभ्यासकांना चांगले ठाऊक आहेत. ग्रिगसन या अधिकाऱ्यानं १९३८ मध्ये बस्तरच्या मारियांवर पुस्तक लिहिलं, त्यानंतर व्हेरियर एल्विन यांनी अंत्यविधींवर लिहिलं. त्यात या दगडांची नावं येतात. त्यांतलं एक, उरसकल.

या शब्दावर क्षणभर थांबा. ‘कल’ म्हणजे दगड. तमिळमध्ये कल, कन्नडमध्ये कल्लु. आणि मराठीत? आपण वीरगळ म्हणतो. हा गळ म्हणजे मासे धरायचा नव्हे. कन्नड वीरगल्लु, वीराचा दगड, त्याचं मराठीत वीरगळ झालं. म्हणजे सह्याद्रीतल्या गावात मारुतीच्या देवळामागे उभा असलेला वीरगळ आणि भामरागडच्या वाटेवरचा उरसकल, दोघांच्या नावात एकच दगड आहे. शाळेत आपल्याला गोंडी ही दूरची भाषा वाटते. ती आपल्या तोंडात आधीच बसलेल्या शब्दाची सख्खी आहे.

पण दगड सारखे नाहीत. वीरगळावर चित्रं असतात. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, टोकाला चंद्र-सूर्य. ज्याला त्याची भाषा येते, तो नाव माहीत नसतानाही ती कथा वाचतो. माडियांच्या दगडावर काहीच कोरलेलं नसतं. तो कोरा असतो. बाहेरच्या माणसाला तो मुका वाटतो. पण तो कुणाचा, हे गावाला ठाऊक असतं. त्याची अक्षरं दगडावर नाहीत, गावात आहेत.

दगड रोवणं हे एकट्याचं काम नाही. नातलग जमतात, दगड निवडतात, वाहून आणतात, जेवण होतं, बळी दिला जातो, ढोल वाजतात. मोठ्या माणसाचा दगड मोठा. तो आणायला हात जास्त लागतात, आणि तितके हात जमतात हीच त्या माणसाची थोरवी. मृताचा जीव, ज्याला मारियांविषयीच्या नोंदींत ‘हानाल’ म्हटलं आहे, तो संतुष्ट असला तर दगड वाढतो, अशी समजूतही जुन्या नोंदींत सापडते. तुम्ही म्हणाल, दगड कसा वाढेल? मी म्हणतो, या वाक्यात माणसं काय मोजतायत ते बघा. मेलेल्याशी आपलं नातं नीट चाललंय ना, हे ती मोजतायत. मोजपट्टी म्हणून दगड घेतला आहे. आपण पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघतो, तेव्हा वेगळं काय करतो?

उलट्या बाजूची चूक

इथवर आलं की उत्साही माणूस एक उडी मारतो. काटापूरचे दगड लोहयुगातले, भामरागडचे दगड आजचे, मधे एक नदी. तेव्हा माडिया म्हणजे लोहयुगातली माणसं, जशीच्या तशी उरलेली! वर्तमानपत्रांत, भाषणांत हे वाक्य कौतुकानं म्हटलं जातं. मला ते फर्ग्युसन यांच्या चुकीची जुळी बहीण वाटते.

पुन्हा तोच हेत्वाभास. दगड सारखा, म्हणून माणसं तीच. अहो, दोहोंच्या मध्ये दोन हजारांहून अधिक वर्षं आहेत. त्या काळात या रानात सातवाहन आले, वाकाटक आले, मार्कंड्याची देवळं उभी राहिली, काकतीय आले, चांद्याच्या गोंड राजांचं राज्य झालं, भोसले आले, इंग्रज आले. माडियांना या सगळ्या काळात इतिहास नव्हता असं कसं म्हणता? त्यांनी दगड रोवण्याची रीत उचलली असेल, टाकली असेल, बदलली असेल, पुन्हा घेतली असेल. दगड हे या रानात हाताशी असलेलं, न कुजणारं साहित्य आहे. मृताला टिकाऊ खूण करायची तर माणसाचा हात दगडाकडे जाणारच, मग तो स्कॉटलंडचा असो की भामरागडचा.

फर्ग्युसन यांनी दुसऱ्याच्या दगडात आपला धर्म पाहिला. आपण दुसऱ्याच्या दगडात आपला भूतकाळ पाहतो. दोन्हीकडे त्या माणसाला स्वतःचं आज असतं, हे नाकारलं जातं. जिवंत रीत आपल्याला प्रश्न विचारायला शिकवते: दगड कुणी आणला, कुणासाठी, जेवायला कोण आलं होतं? काटापूरसमोर उभं राहून हे प्रश्न विचारा, जरूर विचारा. पण भामरागडचं उत्तर काटापूरला चिकटवू नका.

याचं आज काय

तुम्ही म्हणाल, हा सगळा पंडिती वाद झाला. तसं नाही. यात आजच्या माणसांचा हक्क अडकलेला आहे.

१९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात स्मारक व्हायला किमान १०० वर्षांचं वय लागतं. म्हणजे काटापूर-जानमपेटच्या दगडांना या कायद्याचं छत्र मिळू शकतं, पण गेल्या वर्षी एका बाईसाठी रोवलेल्या दगडाला नाही. तिला ओळखणारी शेवटची व्यक्ती जाईल, दगडाची ओळख पुसली जाईल, मग तो संरक्षणाला पात्र होईल! कायद्याला दगड जुना लागतो, गावाला तो आपला लागतो.

पण दुसरा एक कायदा आहे, आणि तो गडचिरोलीला चांगला माहीत आहे. २००६ चा वन हक्क कायदा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. या कायद्याच्या नियमांत, तेराव्या नियमात, सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून काय काय चालेल ते दिलं आहे. त्यात देवराई आहे, पवित्र झाडं आहेत, आणि दफनभूमी आणि स्मशानभूमीही आहे. म्हणजे हा कोरा दगड, ज्यावर एक अक्षर नाही, तो कायद्यासमोर बोलू शकतो: आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या आहोत, आमचे मृत इथे आहेत.

आता विचार करा. हाच दगड आपण ‘आदिमानवाचा अवशेष’ म्हणून मिरवला, तर तो या गावाचा उरत नाही, संग्रहालयाचा होतो. आणि ‘वाटेतला धोंडा’ म्हणून पाहिला, तर रस्ता रुंद करताना तो बाजूला ढकलला जातो. कागदावर त्याची नोंद नसेल, तर ढकलणाऱ्याला आपण काही केलं असं वाटणारसुद्धा नाही. नाव चुकीचं दिलं की हक्कही चुकीच्या हातात जातो. १८७२ मध्ये आकारावरून नाव दिलं गेलं, तेव्हा फार तर एका ग्रंथाचं नुकसान झालं. आज आपण तसं केलं, तर एखाद्या ग्रामसभेचं होईल.

शंकराचार्यांच्या परंपरेत दोरीचा साप सर्वांना माहीत आहे. अंधारात दोरी साप दिसते. पण त्यात एक गोष्ट आपण विसरतो. ज्यानं साप कधी पाहिलेलाच नाही, त्याला दोरीत साप दिसत नाही. भ्रम व्हायलासुद्धा आधीची ओळख लागते. फर्ग्युसन क्रूसांच्या गावातून आले, म्हणून त्यांना क्रूस दिसला. तेव्हा दगडापुढे उभं राहिल्यावर पहिला प्रश्न स्वतःला विचारावा, की मी कुठून आलो? दुसरा प्रश्न गावाला विचारावा, की हा कुणाचा? आणि हे झाल्यावर मग पुस्तक उघडावं.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: काटापूरच्या शिळा पुढे कुणी ख्रिस्ती लोकांनी वापरल्या असतील, असं होऊ शकतं का?*

होऊ शकतं, रडस्टनला तसंच झालं. पण ‘होऊ शकतं’ आणि ‘झालं’ यांत अंतर आहे. ते ओलांडायला स्वतंत्र पुरावा लागतो: लेख, वास्तूचा पाया, काहीतरी. आकार आधीच साक्ष देऊन बसलाय, त्याला पुन्हा बोलावता येणार नाही.

*प्रश्न: आम्ही महाविद्यालयातले विद्यार्थी आहोत. या दगडांची नोंद करायची तर सुरुवात कुठून करावी?*

ग्रामसभेपासून. आधी विचारा, नोंद हवी आहे का? काही दगडांबद्दल बोलायचं नसतं, ते ऐकून घ्या. परवानगी मिळाली, तर गावकऱ्यांबरोबर चाला, नकाशावर जागा टिपा, दगड कुणाचा ते त्यांच्या शब्दांत, त्यांच्या बोलीत लिहा. दगडाला खडू लावू नका, तेल लावू नका, सरळ करायला जाऊ नका. आणि तयार झालेल्या वहीची पहिली प्रत गावात ठेवा. तुमच्या प्रकल्पाला दुसरी प्रत चालेल.

*प्रश्न: पण दगडावर नाव कोरून ठेवलं तर जास्त टिकणार नाही का?*

काही ठिकाणी आता सिमेंटचे, रंगवलेले, नाव लिहिलेले स्मृतिस्तंभ उभे राहतात, तेही लोकांनी स्वतः केलेले. तो त्यांचा निर्णय, आणि रीत जिवंत असल्याचीच ती खूण. आपण बाहेरून जाऊन मात्र छिन्नी चालवू नये. त्या कोऱ्या दगडाला वाचणारी माणसं अजून आहेत. त्यांना विचारणं छिन्नीपेक्षा सोपं आहे, फक्त वेळ जास्त लागतो.